जॉर्ज का उदास होता?

सातवीच्या इंग्रजीत एक जॉर्ज आहे.
पिवळे गमबूट, लाल छत्री,
खिडकीच्या काचेला नाक चिकटवून बसलेला.
बाहेर पाऊस. सहल रद्द.
पाठाखाली पहिलाच प्रश्न, दोन गुणांचा:
जॉर्ज का उदास होता?

माझ्या वर्गात एक जॉर्ज आहे.
जॉर्ज विल्यम हिवाळे, हजेरी क्रमांक अकरा.
पुस्तकातल्याचे दोन्ही ज जगातले, जीवातले.
जालन्याच्या गल्लीत ह्याचा जार्ज्या होतो
आणि पहिला ज जमिनीतला, जाळातला.
डी.एड.ला आम्हांला हा फरक घोटून घेतला होता,
कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

त्याचा बाप विल्यम टँकर चालवतो.
रेशनच्या वहीत तो इल्यम आहे,
मतदार यादीत विलास.
यादी दुरुस्त करायला मीच गेलो होतो, फॉर्म घेऊन.
चाकाखाली दगड लावता लावता म्हणाला,
"राहू द्या सर. लोकं टँकरचा नंबर ध्यानात ठेवू लागले,
माझं नाव कामून ठेवतील?"

आणि रुळापलीकडं, छावणीच्या जुन्या कबरस्तानात,
एक जॉर्ज आडवा आहे.
आडनाव झिजलंय, हुद्दा झिजलाय,
वय तेवढं लागतं: एकोणीस.
महिना, मे.
त्याच्या दगडावर मार्था, म्हणजे आमच्या जॉर्जची आई,
सांडगे वाळत घालते.
दगड चांगला तापतो, म्हणते.
घालण्याआधी पदरानं नाव पुसून घेते, कोरडंच,
पाण्याचा दिवस आठवड्यानं येतो.
"लेकाचं नाव हाये सर, धुळीत कसं ठेवू?"
आणि मग, सांडगे सारखे करत,
"मरताना पाणीच मागितलं असंल त्यानं. आपल्या बोलीत."
तिला कसं ठाऊक, मी विचारलं नाही.

तर पाठ शिकवला.
पाऊस पडत होता, म्हणून जॉर्ज उदास होता, मी म्हणालो.
मागच्या बाकावरून इरफान:
"सर, बिमार होता का त्यो?"
वर्षा घुले उभी राहिली,
"पाऊस आला तर सुट्टी देतात ना? मग?"
मी फळ्यावर बेटाचा नकाशा काढला,
सांगितलं, तिकडं रोज पडतो, माणसं कंटाळतात.
"पाण्याला?"
कोण बोललं कळलं नाही.
सगळी पोरं अकरा नंबरकडं बघू लागली,
जणू त्या गमबुटवाल्याच्या घरचं
ह्याला काहीतरी माहीत असणार.
तो मान खाली घालून
चित्रातल्या जॉर्जला मिशा काढत होता,
मग छत्री उलटी केली त्यानं,
दांडा वर, टोपण खाली,
भरायला ठेवावी तशी.

सहामाहीला तोच प्रश्न आला.
इंग्रजीत, स्पेलिंगच्या तीन चुका करून,
जॉर्ज हिवाळेनं लिहिलं:
जॉर्ज उदास होता कारण टँकर आला नव्हता.

त्या आठवड्यात अंबड नाक्यावर
विल्यमच्या गाडीचा पाटा तुटला होता.
चार दिवस. गल्लीतून रोज कुणीतरी
त्याला शिव्या घालून यायचं,
तेव्हा मात्र नाव सगळ्यांना आठवायचं.

मी दोनपैकी दोन दिले.
केंद्रप्रमुखांनी गठ्ठा चाळताना तो कागद बाजूला काढला,
चष्मा कपाळावर नेला.
"हे बरोबर कसं काय, सर?"
म्हटलं, साहेब,
कुठला जॉर्ज ते प्रश्नात दिलेलं नाही.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
शिपायानं चहा आणला,
अर्धा अर्धा कप.